सभासद नको, पण शर्यतीला हवा : मेजर टेलरच्या कारकिर्दीचा हिशेब

आरक्षणावर वाद सुरू झाला की मेरिटवाले मित्र एक उदाहरण हमखास पुढे करतात, ते खेळाचे. मैदानात जात चालत नाही, जो पळेल तो जिंकेल, तिथे कुठे आहे तुमचे आरक्षण? या मित्रांनी एकदा मेजर टेलर या सायकलपटूची कारकीर्द वाचावी, अशी आमची विनंती आहे. सायकल आम्ही मुद्दाम निवडली. अंतर मोजलेले, वेळ घड्याळ सांगणार, पहिला कोण आला ते हजारो डोळ्यांना दिसणार. निव्वळ गुणवत्ता मोजायला याहून सोपे मैदान कुठले?

मार्शल टेलरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातला. गुलामगिरी कायद्याने संपून तेरा वर्षे झाली होती. वडील एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाची घोडागाडी हाकत. त्या घरच्या मुलाला सोबती म्हणून टेलर काही वर्षे तिथे राहिला, आणि सायकल त्याच्या हाती आली ती तिथेच. पुढे एका सायकलच्या दुकानासमोर सैनिकी गणवेश घालून तो कसरती करून दाखवायचा, त्यावरून 'मेजर' हे नाव पडले. गावातल्या वायएमसीएच्या व्यायामशाळेत त्याच्या गोऱ्या मित्रांना प्रवेश होता, त्याला नव्हता.

सुरुवात रस्त्यावरच्या शर्यतींनी झाली. १८९५ मध्ये इंडियानापोलिसजवळ ७५ मैलांची शर्यत झाली. इतर स्पर्धकांच्या धमक्या ऐकत सोळा वर्षांचा टेलर ती पळाला, आणि शेवटपर्यंत पोहोचणारा तो एकटाच ठरला. त्याच वर्षी 'बर्डी' मंगर या गोऱ्या पाठीराख्याने त्याला मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात नेले. डिसेंबर १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या शर्यतीतून तो व्यावसायिक झाला. वय अठरा, सहा दिवसांत सतराशेहून अधिक मैल, क्रमांक आठवा. त्यानंतर त्याने ट्रॅकवरच्या स्प्रिंटवर लक्ष केंद्रित केले.

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेतल्या सायकलपटूंची मोठी संघटना म्हणजे लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन. शर्यतींना मान्यता हीच संघटना द्यायची. १८९४ मध्ये तिने आपल्या घटनेत दुरुस्ती करून सभासदत्व फक्त गोऱ्यांपुरते ठेवले. गंमत बघा, शर्यतीत उतरायला काळ्यांना बंदी केली नाही. टेलर पळू शकत होता. तो पळाला की तिकिटे खपत होती, आयोजकांना तो हवाच होता. फक्त नियम ठरवणाऱ्या बैठकीत त्याला हात वर करता येणार नव्हता. घाम तुमचा चालेल, मत चालणार नाही. हे वाक्य वाचताना आमच्या वाचकांना आणखी चार-दोन संस्था आठवतील, त्यांची नावे इथे लिहायची गरज नाही.

मत नसले की काय होते ते लगेच दिसले. राष्ट्रीय अजिंक्यपद तेव्हा हंगामभराच्या शर्यतींतल्या गुणांवर ठरायचे. १८९७ मध्ये दक्षिणेतल्या आयोजकांनी त्याचा प्रवेशच नाकारला. शर्यत नाही म्हणून गुण नाहीत, आणि गुण नाहीत म्हणून अजिंक्यपदही हातचे गेले. कागदावर सगळे मेरिटप्रमाणेच! ट्रॅकवर गोरे स्पर्धक संगनमत करून त्याला पुढून, मागून आणि बाजूने घेरायचे, म्हणजे वेग असूनही बाहेर पडायला वाट नाही. सप्टेंबर १८९७ मध्ये टॉन्टन येथे शर्यत संपल्यावर विल्यम बेकर नावाच्या स्पर्धकाने त्याला सायकलवरून खेचून बेशुद्ध होईपर्यंत गळा दाबला. शिक्षा किती? ५० डॉलर दंड.

यातूनही तो जिंकला, हे खरेच. १८९९ मध्ये माँट्रियलला एक मैल स्प्रिंटचा जगज्जेता झाला. मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सननंतर कोणत्याही खेळातला तो दुसरा कृष्णवर्णीय जगज्जेता. १९०० मध्ये अमेरिकेचे अजिंक्यपदही मिळाले. १९०१ मध्ये युरोपात गेला, पॅरिसमध्ये फ्रान्सच्या एडमंड जॅकलँकडून आधी हरला आणि परतीच्या लढतीत त्याला हरवले. धर्मश्रद्धेमुळे तो रविवारी पळत नसे. आम्हाला देवाधर्माचे कौतुक नाही, पण पैसा समोर असताना आपली अट सोडायची नाही, याला स्वाभिमान लागतो. त्याच सुमारास वूस्टरच्या चांगल्या वस्तीत त्याने घर घेतले, तर शेजारचे गोरे ते जास्त पैसे देऊन परत विकत घ्यायला निघाले. जगज्जेता ट्रॅकवर चालतो, शेजारी चालत नाही. टेलरने घर सोडले नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या प्रेरणादायी गोष्टी बहुतेक इथेच संपतात. जिद्द असेल तर काहीही शक्य आहे, म्हणे. आमचा आक्षेप नेमका या गोष्टीलाच आहे. एक टेलर जिंकला म्हणून दार उघडे होते, असे सिद्ध होत नाही. दारातून तो एकटाच कसा आला, हा प्रश्न आहे. मंगरसारखे भले लोक भेटले नसते तर? ज्याला मंगर भेटला नाही, तो किती वेगाने पळत होता याची नोंद कुठल्याच घड्याळात नाही. माणसाची कारकीर्द कुणाच्या चांगुलपणावर उभी राहावी, की हक्कावर? चवदार तळ्यावर १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले ते कुणी ओंजळीत पाणी घालावे म्हणून नव्हे.

टेलरच्याच पिढीतला आपला माणूस बघा. पालवणकर बाळू, जन्म १८७६, चांभार समाजातला, पुण्यात घडलेला फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याच्या हातचा चेंडू चालत होता, पण चहा त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला, तोही बराच झगडा झाल्यावर. (बाळू १९३७ मध्ये काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढले आणि हरले. ते राजकारण आम्हाला मान्य नाही, म्हणून त्यांचा खेळ आणि त्यांचा अपमान आम्ही विसरणार नाही.)

टेलर १९१० मध्ये निवृत्त झाला. कमावलेला पैसा धंद्यात आणि आजारपणात गेला. आत्मचरित्र स्वतःच छापले आणि शिकागोत दारोदार विकले. तिथे तो राहायचा वायएमसीएच्या वसतिगृहात. २१ जून १९३२ ला कुक काउंटी रुग्णालयाच्या धर्मादाय विभागात तो वारला, बेवारसासारखा पुरला गेला. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी सायकल उत्पादक फ्रँक श्विनच्या पैशातून त्याचे अवशेष चांगल्या जागी हलवले. इंडियानापोलिसमध्ये १९८२ ला त्याच्या नावाचा ट्रॅक झाला, वूस्टरमध्ये २००८ ला स्मारक. आणि लीगने १८९४ ची ती बंदी अधिकृतपणे मागे घेतली १९९९ मध्ये.

आमच्या वस्तीतल्या पोरांचे सत्कार होतात, शाल मिळते, फोटो छापून येतो. आनंदच आहे. पुढच्या सत्काराला गेलात तर त्या संघटनेकडे मतदार सभासदांची यादी मागा. निवड समितीत कोण बसते, तेही विचारा.