भीती लहरींची, इजा आवाजाची

बिनतारी इयरफोनमुळे मेंदूचा कर्करोग होतो, ही भीती घरोघर पोहोचली आहे. तिला आधार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा 2011 चा निर्णय पुढे केला जातो. रेडिओलहरींना तिने ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले, हे खरे. पण तो गट मर्यादित पुराव्याचा आहे, सिद्ध धोक्याचा नव्हे. ब्लूटूथच्या लहरींत डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. शिवाय इयरफोनची प्रक्षेपणशक्ती काही मिलिवॉट, मोबाइलची कमाल शक्ती त्याच्या कितीतरी पट. फोन थेट कानाला लावण्यापेक्षा इयरफोनवर बोलताना डोक्याला लहरी कमीच मिळतात.

दिवसाचे आठ-दहा तास, वर्षानुवर्षे वापरल्यावर काय, हा आक्षेप मात्र रास्त आहे आणि संशोधन चालू राहिलेच पाहिजे. तरीही आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात इयरफोनहून प्रबळ अशा मोबाइलचाही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. याउलट मोठ्या आवाजाची इजा निर्विवाद आहे. प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास. 90 डेसिबलला फक्त चार! लोकलच्या खडखडाटात आवाज वाढवला की ही मर्यादा एक-दोन दिवसांतच संपते. अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पालकांनो, मुलांच्या फोनमधली आवाजाची मर्यादा आजच ठरवून द्या.