कापडाचा ताण
चाळीसगावी, जेथून धुळ्याकडे जाणारा लोहमार्गाचा फाटा फुटतो, तेथे लगीनसराईत लग्नपत्रिकांची स्क्रीनछपाई चाललेली पाहताना माझी दृष्टी शाईवरून ढळून त्या चौकटीवर स्थिरावते, जिच्यावर ताणलेल्या जाळीदार कापडातून रंग कागदावर उतरतो. कारण हे कापड सैल पडले की रबरी पट्टीच्या प्रत्येक ओढीबरोबर ते किंचित सरकते आणि गणपतीचा लाल रंग आपल्या सोनेरी रेषेची मर्यादा ओलांडतो. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि पुढे पीठ चाळण्याचे रेशमी कापडच या कामी रुजू झाले. लाकडी चौकटीला खिळ्यांनी जखडलेले कापड ढिले झाले म्हणजे ते उपसून पुन्हा ठोकण्यावाचून दुसरी तजवीज नसते, शिवाय ओलाव्याने लाकूडही वाकते; परंतु ज्या धातूच्या चौकटीच्या बाजू म्हणजे फिरत्या नळ्याच असतात, तिच्या खाचेत कापडाची कड अडकवून पान्याने नळी फिरवावी, नट आवळावा, की इष्ट ताण साधतो, आणि कापड फाटले तरी चौकट वर्षानुवर्षे कायम राहते. लहान कारागिराला तिची किंमत जड जाते, हे मी जाणतो; म्हणूनच तालुक्यातील छपाईवाल्यांनी वर्गणी काढून अशा दोन-तीन चौकटी सामाईक घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.