गाडी वेळेवर आली हो, पण दारात काय झालं?

आंजी मोठीच्या शिवारात कोणाला साप चावला, की लोक आता १०८ ला फोन लावतात. चांगली गोष्ट आहे. २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी ही सेवा राज्यात सुरू झाली. आपल्याकडे तर गाडीत डॉक्टर असतो. नवी गाडी आली की हिरवी झेंडी, नारळ, फोटो सगळं होतं. पण गाडी दवाखान्याच्या दारात थांबल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय होतं, हे कोणी विचारत नाही.

मागच्या खरिपात निंदणाला गेलेल्या आमच्या काकूला साप चावला. पहिल्या दवाखान्यात लस सुरू झाली, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीतले डॉक्टर दोन वाक्यं बोलले, सही घेतली अन् पुढच्या कॉलला निघाले. सिस्टर एकटी, समोर आठ पेशंट. दहा मिनिटांनी ती मलाच विचारते, "किती व्हायल दिल्या? किती वाजता?" मला काय माहीत बाप्पा! चिठ्ठी शेवटी चादरीखाली सापडली. काकू वाचली.

यावर लगेच दोन आवाज येतात. "सिस्टर उर्मट असतात" आणि "१०८ वाले पेशंट टाकून पळतात". मला दोन्ही मान्य नाहीत. दोघंही राबतात, त्यातले अनेक कंत्राटी. पण दोघांना एकत्र काम करायला कोणी शिकवलंच नाही. गाडीचा हिशेब वेगळा, वॉर्डाचा वेगळा, अन् मधल्या फटीत पेशंट.

ही फट जीव घेऊ शकते. झटके येणाऱ्या गरोदर बाईला आधीच मॅगसल्फ दिलंय हे कळलं नाही आणि पूर्ण डोस पुन्हा गेला, तर श्वास थांबू शकतो. फवारणीच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन किती गेलं, यावर पुढचं सगळं ठरतं. २०१७ चं यवतमाळ आपण विसरलो नाही ना?

मागणी साधी आहे. गाडी निघाली की फोन थेट अपघात विभागातल्या सिस्टरला. दारात एक मिनिट बाकी सगळे गप्प, एकानेच सांगायचं: काय झालं, केव्हा झालं, काय दिलं, आता कसं आहे. सिस्टरने ते परत म्हणून दाखवायचं. एकच छापील फॉर्म, त्यावर वेळ आणि दोघांची सही. महिन्यातून एकदा दोघांचा एकत्र सराव.

"वेळ कुठे आहे?" म्हणतात. एक मिनिट नाही, मग चिठ्ठी शोधायला दहा मिनिटं कुठून येतात? रिकाम्या जागा भराच, पण या एका मिनिटाला भरतीची जाहिरात लागत नाही.

सेवाग्राम आणि सावंगी, दोन मेडिकल कॉलेजं असलेल्या वर्धा जिल्ह्यात हे होत नसेल, तर कुठे होणार? रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय लावून धरा. आणि तोवर एक करा. गाडीत बसण्याआधी त्या चिठ्ठीचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. हे नातेवाइकाला करावं लागतं, हीच खरी लाजेची गोष्ट आहे.