दोष वाटेच्या उताराचा



जंगलवाटांवर सायकलबंदी मागणारे गेल्या अंकातील पत्र वाचले. लेखिकेची तळमळ खरी आहे, उपाय मात्र पटला नाही.

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि एल कोर्टे दे मडेरा क्रीक या संरक्षित वनात सायकल चालवतो. रेडवूडच्या दाट झाडीतून जाणाऱ्या त्या वाटा जेमतेम एका सायकलीपुरत्या. तिथली माती ओढ्यांत वाहून जात होती आणि स्टीलहेड माशांच्या अंडी घालण्याच्या जागांना गाळाचा धोका होता, हे खरेच. पण त्यातल्या बऱ्याच वाटा लाकूडतोडीच्या आणि मोटारसायकलींच्या काळातल्या, आखणीशिवाय पडलेल्या. पाऊस पडला की वाटेचाच ओढा होई. तिथे काही वाटा बंद केल्या, काही वळवल्या, पाणी बाजूला काढून दिले. सायकली आजही चालतात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, हा आखणीचा साधा नियम पाळला तरी निम्मे काम होते.

शिवाय माती फक्त चाकांनीच सुटते असे नाही. मोंटानातल्या वाटांवर विल्सन आणि सेनी या संशोधकांनी केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी झाल्याचे त्यात आढळले.

सायकलींच्या वेगाची तक्रार मात्र रास्त आहे. या वनात मर्यादा ताशी १५ मैल, कुणाला ओलांडताना ५. ती मोडणाऱ्याला जरूर दंड करा. आणि सायकलस्वारांनो, वाट ओली असेल त्या दिवशी घरीच थांबा.

– एक वाचक, कॅलिफोर्निया