चार 'टक्'साठी?

'अस्सल' हा शब्द हल्ली ऐकला की मी जरा सावध होतो. अस्सल घाण्याचं तेल, अस्सल देवगड हापूस, आणि आता आमच्या घराण्यात अस्सल रिव्हॉल्व्हर!

दचकू नका मंडळी. माझा भाचा ॲरिझोनात असतो, वीसेक वर्षांपासून तिकडचाच नागरिक आहे. आपण दर्ज्याकडे कोट शिवायला टाकावा तसं त्याने एका बंदूक-कारागिराकडे रिव्हॉल्व्हर बनवायला टाकलं आहे. नंबर यायला दोन वर्षं लागतील म्हणे. किंमत इथे लिहीत नाही, कारण ताई हा ब्लॉग वाचते.

प्रकार असा. १९७२ पर्यंत बनलेलं रुगर कंपनीचं जुनं 'ब्लॅकहॉक' रिव्हॉल्व्हर, .३५७ मॅग्नमचं, आधी शोधून विकत घ्यायचं. मग कारागीर त्याच्या चक्राची सहाही घरं मोठी करून ती .४४ स्पेशल या जुन्या काडतुसाला बसवतो. नळी नवी, नेम धरायचं माशी-खाचेचं काम नवं, पोलादावर निळसर-करडे ढग उमटवणारी झिलई. मूठ सांबरशिंगाची. (हे शिंग एके काळी आपल्याकडूनच जायचं. निर्यातबंदीनंतर तिकडे त्याला सोन्याचा भाव आला.) .४४ स्पेशल साधारण १९०७ चं. एल्मर कीथ नावाच्या एका गुराख्या-लेखकाने वर्षानुवर्षं त्यात जास्तीची दारू ठासून प्रयोग केले आणि त्यातूनच पुढे १९५५ मध्ये .४४ मॅग्नम जन्मलं. गंमत म्हणजे नावात ४४ असलं तरी गोळीचा व्यास .४२९ इंच! गणिताच्या मास्तरांनी हे खपवून घेतलं नसतं.

आता आमच्या नातेवाईकांत तट पडले आहेत. एक तट म्हणतो, घरात बंदूकच कशाला? माझंही मत तेच. पण तो वाद मी पंधरा वर्षं हरतो आहे, आजही हरेन. दुसरा तट म्हणतो, पैशांची नासाडी! इथे मी भाच्याच्या बाजूचा. येवल्याच्या मागावरच्या पैठणीसाठी महिनोन् महिने थांबणाऱ्या घराने कारागिराच्या हातच्या वस्तूला नाकं मुरडू नयेत.

माझं भांडण वेगळंच आहे.

या 'सिंगल ॲक्शन' जातीत प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. १८७३ च्या कोल्टपासूनची ही रीत. जुन्या रचनेत घोडा खाली असला की त्याचा भार टोचणीवर आणि टोचणी थेट काडतुसाच्या बुडाशी. वस्तू हातातून घोड्यावर पडली की बार उडू शकतो. घोडा किंचित वर धरणारी एक खाच असते, पण ती बारीक, जोराच्या फटक्याला दगा देणारी. रुगरने १९७३ पासून नव्या नमुन्यात 'ट्रान्सफर बार' घातला. ही छोटीशी पोलादी पट्टी चाप दाबलेला असेल तेव्हाच वर येते आणि घोड्याचा ठोका टोचणीपर्यंत पोचवते. चाप सुटलेला असला तर घोडा टोचणीला शिवतच नाही. एवढंच नव्हे, जुन्या रिव्हॉल्व्हरांतही अशी सुरक्षित रचना कंपनी फुकट बसवून देते आणि काढलेले जुने भाग मालकाला परत पाठवते.

आमचे चिरंजीव ती बसवणार नाहीत. का? तर जुन्या रचनेत घोडा ओढताना चार वेळा 'टक्' होतं, ते जातं. "मामा, ते संगीत आहे. त्याशिवाय अस्सल नाही."

अरे, .३५७ चं .४४ केलंस, नळी बदललीस, मूठ बदललीस, झिलई बदललीस. अस्सल काय उरलं? नेमका तो धोकादायक भाग? आणि ही पट्टी काही कालची नव्हे. आयव्हर जॉन्सन कंपनी .४४ स्पेशल जन्मायच्या आधीपासून याच तत्त्वाची रिव्हॉल्व्हरं विकत होती. भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारा, अशी तिची जाहिरात असे. म्हणजे ही पट्टी तुझ्या लाडक्या काडतुसाहूनही जुनी!

यावर उत्तर ठरलेलं: "पाचच काडतुसं घालायची, घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. दीडशे वर्षं लोक हेच करत आलेत." करत आलेत ना? मग वायट अर्पचं काय झालं? ज्याच्या नावावर निम्मे काउबॉय सिनेमे चालले तो अर्प जानेवारी १८७६ मध्ये विचिटा गावात पोलीस होता. एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत बसला असताना त्याचं रिव्हॉल्व्हर कमरेवरून निसटलं, घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी त्याच्याच कोटातून आरपार जाऊन छतात घुसली. गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. रोज हत्यार लावून हिंडणारा माणूस एक घर रिकामं ठेवायला विसरू शकतो, तर ऑफिस, मुलांचे क्लास आणि घरकर्जाचे हप्ते सांभाळणारा माझा भाचा विसरणार नाही?

चौतीस वर्षं मी वर्गावर काढली. आमच्या शाळेच्या जिन्यावर 'धावू नये' असा फलक होता आणि कठडाही होता. फलक सगळ्यांना वाचता येत होता, पण मुलं वाचली ती कठड्यामुळे. उद्या कुणी म्हणालं असतं की कठड्याने वास्तूची शोभा जाते, फलक पुरे, तर मुख्याध्यापकांनी त्याला तिथूनच घरी पाठवला असता.

त्या घरात अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं आहेत. तिजोरी आहे, मान्य. पण ती उघडायचीच असते ना? रविवारी ही स्वारी ते रिव्हॉल्व्हर घेऊन माळरानावर नेमबाजीला जाते, धाकटा बरोबर असतो.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती, पुढच्या फोनवर त्याला किंमत विचारू नका, दोन वर्षं कशाला म्हणूनही टोमणे मारू नका. पट्टीचं तेवढं विचारा. ते जुनं रिव्हॉल्व्हर अजून त्याच्या घरातच पडून आहे. आधी कंपनीकडे, मग कारागिराकडे, एवढा क्रम लावायचा. नंबर यायला अजून वेळ आहे.