शेजारच्या नाताळची भेट

मार्गशीर्षातील गुरुवारांची व्रते उरकत येतात न येतात तोच शेजारच्या ख्रिस्ती घरावर कागदी तारा टांगला जातो. गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या कित्येक चाळींतून व सोसायट्यांतून हा दरवर्षीचा अनुभव आहे. त्या घरातून २५ डिसेंबरला एक ताट आपल्या दाराशी येणार, हेही ठरलेले असते. आपण त्या घरी काय न्यावे, हा प्रश्न मात्र आपल्या गृहिणींना बहुधा २४ तारखेच्या सायंकाळी पडतो. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून सुक्या मेव्याची चकचकीत पेटी येते. ती दिवाळीतही हीच होती आणि मुलाच्या शाळेतील बाईंनाही हीच दिली होती. हल्ली पेल्यावर नाव छापून देण्याची सोय झाली आहे. परंतु नाव छापल्याने वस्तू त्या माणसाची होते, हे आम्हांस मान्य नाही.

नाताळच्या भेटींचे मूळ पाहावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या दर्शनास आले व त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केला, अशी कथा आहे. (ते तिघे होते असे तेथे म्हटलेले नाही, तीन भेटींवरून ती संख्या रूढ झाली.) ख्रिस्ती परंपरेने या भेटींचा अर्थ लावला तो असा : सोने राजाला, ऊद देवाला आणि प्रेतास लावण्याचा गंधरस मर्त्य मानवाला. म्हणजे घेणारा कोण आहे, हे ओळखून दिलेल्या त्या भेटी होत्या. चौथ्या शतकातील मायराचे धर्मगुरू संत निकोलस यांच्याविषयीची आख्यायिका तर आपल्या घरांना अगदी जवळची वाटावी. हुंड्याअभावी एका गरिबाच्या तीन मुलींची लग्ने अडली होती. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात सोन्याची थैली त्या घरात टाकली आणि नाव कळू दिले नाही. आपण यालाच गुप्तदान म्हणतो. आजचा लाल डगल्यातला सांताक्लॉज याच संतावरून पुढे आला. त्या डगल्याचे कौतुक मुलांना असू द्यावे.

सुदाम्याच्या पोह्यांवर वाढलेल्या आपल्या समाजाला हे निराळे शिकवावे लागू नये. शिवाय गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना परतफेडीची अपेक्षा नसणे, तसेच देश, काळ आणि पात्र पाहणे या गोष्टींवर भर आहे. पात्र पाहणे म्हणजे केवळ लायकी तपासणे नव्हे; त्या माणसाला काय हवे, काय चालते आणि काय चालत नाही, हे जाणणेही त्यात येते, असे आम्ही समजतो.

येथे एका नाजूक विषयास स्पर्श करणे भाग आहे. शेजारणीने आणलेले ताट हसतमुखाने घ्यायचे, दार लावायचे आणि त्यात अंडे असेल या शंकेने ते जसेच्या तसे मोलकरणीच्या हवाली करायचे, हा प्रकार सोवळ्याच्या नावाखाली अनेक घरांत चालतो. आम्हांस तो अनुचित वाटतो. अंडे न खाणे हा आपला आचार आहे आणि तो पाळण्यात लाजण्याजोगे काही नाही; परंतु तो मोकळेपणाने सांगावा. गोव्यात नाताळच्या या वाणास पोर्तुगीज अमदानीपासून ‘कोन्सुआदा’ म्हणतात. त्यातील थराथरांच्या बेबिंक्यात अंड्याचे बलक असतात हे खरे. पण तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ आटवून केलेल्या दोदोलला अंडे लागत नाही. आणि नेवऱ्या तर तुमच्या-आमच्याच! चतुर्थीला हिंदू घरात त्या गणपतीपुढे ठेवतात आणि नाताळात ख्रिस्ती घरात त्याच तळतात. शेजारणीला एकदा सांगून ठेवले, तर पुढच्या वर्षी ती आठवणीने दोदोल आणि नेवऱ्याच वाढेल.

हीच दक्षता आपणही घ्यावी. काही ख्रिस्ती कुटुंबे देवाला दाखवलेला नैवेद्य घेत नाहीत. अशा घरी न्यायचे लाडू नैवेद्यापूर्वी वेगळे काढून ठेवावेत. त्यात आपल्या देवाचा अपमान यत्किंचितही नाही. गणेशाची मूर्ती वा लक्ष्मीची तसबीर नाताळची भेट म्हणून देऊ नये, हेही सांगून ठेवतो. ती देणाऱ्याच्या आवडीची वस्तू झाली, घेणाऱ्याच्या नव्हे.

मग द्यावे काय? पेटी बाजूस ठेवून त्या घराकडे पाहिले की उत्तर सापडते. म्हाताऱ्या आजोबांची दृष्टी मंदावली असेल, तर मोठ्या अक्षरांचे पुस्तक. वाचनाची गोडी असलेल्या घरी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, किंवा वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे एखादे पुस्तक. मराठी घराला मराठी ग्रंथ देण्यात धर्म आड येत नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच ओवीत छापले गेले होते, याचा आपल्यालाच विसर पडतो. ज्या घरची लेक आखातात नोकरीस आहे, त्या आईबरोबर नाताळच्या आदल्या दिवशी तासभर बसून करंज्या मुरडू लागणे, हीदेखील भेटच. आणि त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला असेल, तेथे तर अगत्याने जावे. दुखवट्याच्या दिवाळीत आपल्या घरी फराळ शेजाऱ्यांकडून येतो. तोच रिवाज त्यांच्या नाताळातही पाळावा.

२५ तारीख हुकली तरी संकोच नको. नाताळचा हंगाम ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत असतो. त्या दिवशी गोव्यात चांदर आणि रेइश मागूश येथे मोठा उत्सव भरतो. शेजारणीचे ताट मात्र रिकामे परतवू नये. ते घासूनपुसून फडताळात ठेवावे. पुढे आठवड्याभरात संक्रांत येते, तेव्हा तिळाच्या वड्या आणि हलवा भरून ते तिच्या घरी पोचवावे.