उद्यानातील वृक्षांची नावे आणि वैद्यांचे कर्तव्य

उद्यान हे केवळ करमणुकीचे स्थान आहे, असे आयुर्वेदाने कधीही मानलेले नाही. वाग्भटाचार्यांनी वसंत ऋतूतील मध्यान्ह शीतल वायू व जलाशय असलेल्या उपवनात घालविण्यास सांगितले आहे. ग्रीष्मात तर उंच वृक्षांनी सूर्यताप अडविलेल्या वनराईचा आश्रय हा ऋतुचर्येचाच भाग ठरविला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला अनुभवणाऱ्या आम्हां वर्धेकरांस या उपदेशाचे मोल निराळे सांगावयास नको. बौद्ध वाङ्मयातील जीवकाची कथाही सर्वश्रुत आहे. तक्षशिलेच्या परिसरात औषधी नसलेली एकही वनस्पती आपणांस आढळली नाही, असे गुरूंस सांगणाऱ्या याच वैद्याने पुढे राजगृह नगरीतील आपले आम्रवन भगवान बुद्धांना अर्पण केले. प्राचीन नगरी, तेथील उद्यान आणि वैद्य यांचे नाते इतके जुने आहे. आज ते नाते वैद्यांच्या बाजूनेच सैल झाले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचे बोरगाव मेघे वर्धा शहरास लागून आहे. येथून थोड्याच अंतरावर धाम नदीच्या काठी पवनार वसले आहे. वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले. त्या नगरीतील उद्यानांची खूण मात्र उरलेली नाही. आपल्या भागात ऐतिहासिक उद्याने पाहावयाची तर नागपूरला जावे लागते. भोसल्यांच्या राजवटीतील महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी ही नावे आजही नागपूरकरांच्या तोंडी आहेत. महाराजबागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे ही बाग कृषी महाविद्यालयाच्या व्यवस्थेखाली आली. तेथे येणारी मुले वाघ व हरिण ओळखतात. त्यांच्यावर सावली धरणाऱ्या वृक्षाचे नाव मुलांस नाही, पालकांस नाही आणि पुष्कळदा सोबतच्या वैद्यासही सांगता येत नाही.

यात बिघडले कोठे, असे कोणी विचारील. त्यास अशोकाचे उदाहरण पुरेसे आहे. चरकाचार्यांनी वेदनास्थापन गणात अशोकाची गणना केली आहे, तर चक्रदत्ताने असृग्दरात अशोकाच्या सालीचे क्षीरपाक सांगितले आहे. आजही अशोकारिष्टाविना स्त्रीरोगांची चिकित्सा करणारा वैद्य विरळा. परंतु शहरातील बागांत, शाळांच्या आवारांत व बंगल्यांच्या कुंपणांशी अशोक म्हणून जो उंच, सरळसोट वृक्ष दाखविला जातो, तो अशोक नव्हेच. तो आसुपालव. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी पॉलिअल्थिया लाँजिफोलिया होते, आता मोनून लाँजिफोलियम असे आहे. तो सीताफळाच्या कुळातील. पाने साधी व कडांना लहरी असलेली, फुले हिरवट. खरा अशोक, ज्यास आपण सीतेचा अशोक म्हणतो, तो सराका असोका, शिंबी कुळातील. त्याची पाने संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व लोंबती, फुलांचे गुच्छ केशरी ते लाल रंगाचे आणि फळ शेंगेच्या रूपाचे. खऱ्या अशोकाच्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे द्रव्यगुणाच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक आहे. खरा अशोक वन्य स्थितीत घटत चालल्याने संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेला आहे. अशा वेळी सार्वजनिक उद्यानच जर पिढ्यान्पिढ्या चुकीचा अशोक शिकवीत असेल, तर त्या चुकीचे अंतिम मूल्य रुग्णेस मोजावे लागते.

प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयात वनौषधी उद्यान असते, मग सार्वजनिक बागांची चिंता कशास, असा आक्षेप संभवतो. परंतु महाविद्यालयीन उद्यानातील रोपे बहुधा तरुण असतात. पन्नास वा शंभर वर्षांच्या वृक्षाची साल, त्याचा विस्तार, त्याचा फुलोरा व फलधारणा पाहावयाची तर जुन्या बागेतच जावे लागते. शिवाय पदवीनंतर महाविद्यालयाच्या उद्यानात पुन्हा पाऊल टाकणारे आपल्यापैकी किती? तयार औषधांच्या बाटल्यांनी आपली सोय झाली, पण द्रव्य ओळखण्याची दृष्टी मंदावली. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासीही जाणतात, परंतु तेवढ्याने कोणी औषधज्ञ होत नाही, असे चरकाचार्य म्हणतात. आज नाव व रूप या पहिल्या पायरीवरच आपण अडखळतो आहोत.

नावाने वृक्षाचेही रक्षण होते. सेवाग्राम आश्रमात महात्माजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ व कस्तुरबांनी लावलेली बकुळ यांस कोणी कुऱ्हाड लावू धजत नाही, कारण ती झाडे कोणाची हे सर्वांस ठाऊक आहे. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुने वृक्ष तोडले जाऊ लागले, तेव्हा नागरिकांस रस्त्यावर उतरावे लागले. नागरी क्षेत्रातील ५० वर्षांहून जुन्या झाडांस वारसा वृक्ष मानण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात २०२१ मध्ये झाली. पण कोणता वृक्ष कोठे आहे याची जाणकार नोंद नसेल, तर कायदाही अपुरा पडतो.

म्हणून आमचे वैद्यबंधू-भगिनींस आग्रहाचे सांगणे असे. येत्या वसंतात, अशोक फुलण्याच्या दिवसांत, प्रत्येक शाखेने आपल्या जवळच्या एका जुन्या उद्यानाची पाहणी करावी. सोबत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असावेत. वृक्षांची यादी मराठी, संस्कृत व शास्त्रीय नावांसह सिद्ध करावी आणि ती उद्यानाच्या व्यवस्थापनास देऊन नामफलक लावण्याची विनंती करावी. फलकांचा खर्च शाखेने उचलल्यास उत्तम. मात्र फलकावर नाव असावे, रोगोपयोग नसावा. अर्जुनाची साल हृदयास हितकर, एवढे वाचून लोक बागेतील अर्जुन सोलून काढतात. साल सभोवार निघाली की वृक्ष वाळतो. साल शरद ऋतूत घ्यावी, या शास्त्रवचनाचे भान त्यांस नसते. उपयोग सांगण्याचे काम वैद्याने रुग्णासमोर बसून करावे.

या कार्यास मोठा निधी वा शासकीय मंजुरीची दीर्घ प्रतीक्षा लागत नाही. चार रविवार व थोडी आस्था पुरे. शाखांनी आपल्या याद्या या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, त्या क्रमशः प्रसिद्ध करण्यात आम्हांस आनंद वाटेल.